पाच टिंबं

आमच्या आत्याने एका मोठ्या बँकेचं नेटवर्क पाडलं, बँक अर्धा दिवस बंद राहिली, आणि शेवटी पोलीस येऊन तिला क्लासच्या जिन्यावरून खाली घेऊन गेले. हे मला आमच्या इमारतीखालच्या शिंप्याने सांगितलं. शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलतो. त्यामुळे त्याची प्रत्येक बातमी दातांतून गाळून येते आणि एकदम खरी वाटते.

"तुला ठाऊकच असणार म्हणा," तो म्हणाला, "घरातलीच तू. पण काय गं, पोलीस दोनच होते का? मी म्हटलं, बँक म्हटल्यावर चांगली गाडीभर येतील."

मी वर येऊन हा सगळा प्रसंग शिंप्याच्याच आवाजात सादर केला. टाचण्या नव्हत्या म्हणून काडेपेटीतल्या काड्या दातांत धरल्या. बाबा पोट धरून हसले. आई मात्र हसली नाही. तिने नुसतं आतल्या खोलीच्या दाराकडे बोट केलं. दार बंद होतं आणि आत आत्या होती.

तर खरं काय झालं ते आधी सांगते. बँक नव्हती. पोलीसही नव्हते. ते आले असते तर आत्या त्या दिवशी खुशीने त्यांच्याबरोबर गेली असती, पण कुणीच आलं नाही, म्हणून बिचारी एकटीच जिना उतरली. पडले ते तीन राउटर. आणि खरी गंमत ही, की ते तिन्ही राउटर मुळात नव्हतेच.

राउटर म्हणजे एका ऑफिसचे निरोप दुसऱ्या ऑफिसला पोचवणारी पेटी. आत्या ज्या क्लासमध्ये शिकवते तो टायरच्या दुकानाच्या वर आहे, आणि तिथे असल्या पेट्या एकही नाहीत. क्लासचे संचालक म्हणतात, पेट्या आणल्या तर विद्यार्थी कुठे बसवू? मग आत्याने एकाच कॉम्प्युटरमध्ये राउटरांची नक्कल करणारा प्रोग्राम घातला. पडद्यावर राउटर दिसतात, खऱ्यासारखे सुरू होतात, खऱ्यासारखेच रुसतात. आतल्या सॉफ्टवेअरलासुद्धा पत्ता लागत नाही की आपण लोखंडी पेटीत नाही म्हणून. मला हा प्रोग्राम फार आवडतो. नकलाकाराने एवढं तरी करावं.

आत्या बाबांची धाकटी बहीण. पूर्वी ती टेलिफोन कंपनीत होती, तेव्हा तिच्याकडे खऱ्या पेट्या होत्या आणि फोनवरून खऱ्या शिव्या देणारे ग्राहक होते. पुढे कंपनीने तो विभागच गुंडाळला. तेव्हापासून आत्या शिकवते. उंच, काटकुळी, चष्मा केसांत खोचलेला, आणि तोच चष्मा शोधत सगळ्या घरभर फिरणारी. बोलताना वाक्याचा शेवट खाली उतरवते, एकेक पायरी बघून उतरल्यासारखा: "घाबरायचं… नाही… आधी… बघायचं." हे मी अगदी हुबेहूब करते.

तिच्या वर्गाची एक रीत आहे. काहीही बंद पडलं, की आत्या म्हणते, "हात मागे!" सगळ्यांनी उभं राहायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, आणि पडदा वरपासून खालपर्यंत वाचायचा. बिघाड काय आहे हे तोंडाने सांगता आल्याशिवाय कीबोर्डला बोट लावायचं नाही. मोठमोठी मिशीवाली माणसं शिक्षा झालेल्या पोरांसारखी ओळीने उभी असतात. आमच्या वरच्या मजल्यावरची ताई त्याच वर्गात आहे. ती म्हणते, पहिल्या आठवड्यात हसू येतं, दुसऱ्या आठवड्यात आपण घरी बंद पडलेल्या मिक्सरसमोरही तसेच उभे राहतो.

त्या दिवशी काय झालं हे मला ताईकडून कळलं. एकदा सरळ, एकदा हातवारे करून, आणि एकदा मी खोदखोदून विचारल्यावर.

वर्गात फ्रेम रिले चालू होतं. ही ऑफिसं जोडायची जुनी पद्धत. बाहेरच्या जगात आता ती जवळजवळ कुणी वापरत नाही, पण परीक्षेतून काही ती जात नाही. घर सोडून गेलेल्या भाडेकरूची पत्रं येत राहावीत तसं. यात दोन ऑफिसांच्या मधली वाट टेलिफोन कंपनीची असते आणि प्रत्येक वाटेला नंबर असतो. घोळ हा, की त्याच वाटेला या टोकाला एक नंबर आणि त्या टोकाला दुसराच. नवीन पोरं इथेच गडबडतात. आत्या त्यांना आमच्या घराचं उदाहरण देते: "माझ्यासाठी तो दादा, माझ्या भाचीसाठी बाबा, आणि वहिनीसाठी नुसतं 'अहो'. माणूस एकच. आता मीच त्याला 'अहो' म्हटलं तर घरात काय होईल?" वर्ग हसतो आणि नंबर कायमचे डोक्यात बसतात. मग प्रत्येक राउटरला हाताने लिहून द्यायचं, की या पत्त्यावर जायचं तर या नंबरची वाट धर. आणि शेवटी हाक मारून बघायची. हाक पोचली की पडद्यावर पाच उद्गारचिन्हं उमटतात. नाही पोचली तर पाच टिंबं.

त्या दिवशी संचालक एका पाहुण्यांना घेऊन वर्गात आले. पाहुणे कुठल्याशा कंपनीचे, आपली माणसं या क्लासला पाठवावीत की नाही हे बघायला आलेले. संचालकांची सवय अशी, की प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःच विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात: "मॅडम आमच्या फार अनुभवी, ओके ना? ओके."

आत्याने तीन राउटर मांडले होते. एक मुख्य ऑफिस, दोन शाखा. मुख्यवरून शाखांना हाक, शाखांवरून मुख्यला हाक, सगळीकडे उद्गारचिन्हंच उद्गारचिन्हं. पाहुणे मान डोलावत होते. आत्या खुशीत येऊन म्हणाली, "कुणीही या, कुठूनही कुणालाही हाक मारा."

मग शंकासुर उठला.

शंकासुर हे आमच्या घरात ठेवलेलं नाव. दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, संध्याकाळी क्लासला येतो, आणि आम्ही जेवायला बसलो की नेमका आत्याला फोन करतो. त्याची प्रत्येक शंका एकाच रुळावरून निघते: "नाही, म्हणजे, मॅडम, फक्त एकच…" आणि मग एकाच्या पोटातून दुसरी, दुसरीच्या पोटातून तिसरी. आत्या फोन स्पीकरवर टाकते, घास चावत उत्तरं देते. आई म्हणते, "त्याचंही एक ताट वाढत जाऊ या." पण आत्याचा तो लाडका होता. फोन ठेवल्यावर पुटपुटायची, "असा एक असला की वर्ग जागा राहतो."

तर तो मुख्य ऑफिसच्या राउटरवर बसला. शाखांना हाक मारली, पोचली. मग काय डोक्यात आलं देव जाणे, त्याने त्या राउटरला हाक मारायला त्याचाच पत्ता दिला.

पाच टिंबं.

"नाही, म्हणजे, मॅडम, फक्त एकच," शंकासुर म्हणाला. "हा सगळ्यांना ओळखतो. पण स्वतःलाच ओळखत नाही."

वर्ग खो खो हसला. पाहुणेही हसले. ताई म्हणते, त्यांचं हसणं काही कुचकं नव्हतं, साधंच होतं. पण आत्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"असं होणार नाही," आत्या म्हणाली. "सरक जरा."

तो सरकला, आणि सवयीने त्याने हात मागे घेतले. त्याला बघून ताईनेही घेतले. बघता बघता अख्खा वर्ग उभा राहिला, हात पाठीमागे, डोळे पडद्यावर. पाहुण्यांना काही कळेना, पण सगळेच उभे म्हणून त्यांनीही आपले हात मागे बांधले. सगळ्या खोलीत फक्त दोन हात कीबोर्डवर होते, आणि ते आत्याचे होते.

तिने पत्त्याची एक ओळ पुसली, परत लिहिली. घाईत त्या टोकाचा नंबर या टोकाला पडला. म्हणजे तिने दादाला 'अहो' म्हटलं. आता एक शाखाही हाकेला ओ देईना. मग तिने दुसरी ओळ पुसली. मग वाट बंद करून चालू केली. पडद्यावर टिंबांची रांगोळी. संचालक हळूच म्हणाले, "होतंय, होतंय, ओके ना? ओके." ते ऐकून आत्याने सरळ राउटरच बंद करून पुन्हा चालू केला. आणि आधीची चालती मांडणी तिने जपून ठेवलेलीच नव्हती. राउटर उठला तो कोऱ्या पाटीने. नाव नाही, पत्ता नाही, काही नाही. मुख्यच कोरा, म्हणजे तिघांचंही बोलणं बंद. नवीन पेटी विचारते तसा विचारायला लागला, सुरुवातीपासून सगळं भरायचं का?

इथपर्यंत झालं असतं तरी फार नव्हतं. मशीन आहे, बंद पडतं. पण आत्या वळली.

"तू काय केलंस?" ती शंकासुराला म्हणाली.

"मी? मॅडम, मी फक्त हाक मारली."

"सगळं चालू होतं. तू बसलास आणि गेलं. दुकानात करतोस तशी खुडबुड इथे नाही करायची. ऊठ. ऊठ तिथून."

तो तर उभाच होता. तरी ऊठ म्हटल्यावर माणूस काय करणार? त्याने बॅग उचलली, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि गेला. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. संचालकांनी पहिल्यांदाच 'ओके ना' विचारलं आणि त्याचं उत्तर दिलं नाही.

आत्या घरी आली ती थेट आत गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कणकण आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, कणकण गेली पण अशक्तपणा आहे. आईने कपाळाला हात लावून बघितला आणि चहा टाकायला गेली. बाबांनी एकदा दाराबाहेरून हाक दिली, "अगं, शिंपी म्हणतोय तू बँक पाडलीस. नाव तरी मोठं झालं!" आतून उत्तर आलं नाही. एरवी आत्या बाबांचं एक वाक्य जमिनीवर पडू देत नाही. बाबा ओशाळून चपला शोधायला लागले, बाहेर जायचं नव्हतं तरी.

आणि मी? मी हा प्रसंग आईबाबांना करून दाखवला. सगळे आवाज, सगळे हात. संचालक, पाहुणे, शंकासुर, सगळे झाले. आत्या करायची वेळ आली तेव्हा मी आवाज खाली आणला, कारण दार बंद असलं तरी भिंत पातळ आहे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आत्या लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. आंघोळ केलेली, केस ओले, चष्मा चक्क डोळ्यांवर.

"पोपटा, इकडे बस," ती मला म्हणाली. मला घरात पोपट म्हणतात. "तो नेमकं काय म्हणाला ते त्याच्या आवाजात म्हण."

"कोण?"

"तुला माहितीये कोण."

मी म्हटलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि मग सगळं पहिल्यापासून मांडायला घेतलं. तीन राउटर, मधली टेलिफोन कंपनी, वाटा, नंबर. प्रत्येक ओळ लिहिल्यावर ती जपून ठेवत होती, भाजलेलं बोट जपावं तशी. हाका मारल्या, सगळीकडे उद्गारचिन्हं. मग मुख्य राउटरला त्याचाच पत्ता दिला.

पाच टिंबं.

आत्या टेकून बसली. हात मागे नेऊन खुर्चीच्या पाठीमागे बांधले. तिचे ओठ हलत होते, ओळी वाचत होती. मी पण वाचल्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गप्प बसले.

"परत म्हण," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे, मॅडम, फक्त एकच. हा सगळ्यांना ओळखतो. पण—"

"बास." तिने हात सोडले. "बास, बास. अरे देवा."

मग तिने मला समजावलं, आणि मला खरंच समजलं. इतर ठिकाणी राउटर स्वतःला हाक मारतो तेव्हा तो आतल्या आत ओ देतो. पण असल्या वाटांवर तो स्वतःची हाकसुद्धा बाहेर पाठवतो, आणि बाहेर पाठवायची तर कुठल्या वाटेने हे लिहिलेलं लागतं. दुसऱ्यांचे पत्ते त्याला लिहून दिले होते. स्वतःचा पत्ता कुणी लिहून देतं का? म्हणून टिंबं. तिने एक ओळ घातली: स्वतःच्या पत्त्यासाठी शाखेची वाट. हाक शाखेपर्यंत गेली, शाखेने परत पाठवली. पाच उद्गारचिन्हं!

मी टाळ्या वाजवल्या. आईला हाक मारली. बाबा बाहेरच्या खोलीतून पेपर हातात घेऊनच आले.

"सापडलं?" बाबा म्हणाले. "काय बिघडलं होतं?"

"काहीच नाही," आत्या म्हणाली.

"मग झालं तर! बिघाड नव्हताच!"

"नव्हताच, दादा. तेच तर." तिने लॅपटॉप मिटला. "टेलिफोन कंपनीत असताना हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. नवीन मुलगा आला की पहिल्याच आठवड्यात तो हे विचारायचा, आणि मी हसून सांगायचे. मला माहीत होतं. चालू वस्तू मी मोडली, आणि त्याला म्हटलं तू मोडलीस."

ती तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. आई एरवी पाण्याच्या थेंबाचा हिशोब मागते, पण त्या दिवशी तिने नळाबद्दल चकार शब्द काढला नाही.

मला वाटलं होतं, आता तिला मोकळं वाटेल. झालं उलटंच. त्याआधी तिला निदान अर्धामुर्धा संशय घेता येत होता, की पोराने खरंच काहीतरी दाबलं असेल. आता तोही गेला. त्या दिवसापासून ती कणकण वगैरे म्हणेनाशी झाली आणि नुसतं "आज नको" म्हणायला लागली. खिडकीतून शिंपी दिसला की पडदा ओढायची. जेवताना फोन वाजला की तिचा घास हातातच राहायचा, आणि फोन शंकासुराचा नसायचा. त्याचे फोन थांबलेच होते. आमचं जेवण आता शांततेत व्हायचं. आई एकदा पाणी घेता घेता म्हणाली, "किती कंटाळवाणं झालंय जेवण."

मग संचालकांचा फोन आला. आत्याने फोनवरचं नाव बघितलं आणि तो निखाऱ्यासारखा माझ्या हातात टाकला. "तू घे. माझ्या आवाजात. ताप आहे म्हणून सांग."

असं काम मला जन्मात मिळालं नव्हतं. मी तोंडावर ओढणी धरली, वाक्य पायरी-पायरीने खाली उतरवलं. "हॅलो… सर… बोला."

"मॅडम, आवाज फारच बसलाय तुमचा!" संचालक एवढे ओरडतात की स्पीकर लावायची गरज नसते. समोर बसलेल्या आत्याला सगळं ऐकू येत होतं. "काळजी घ्या, ओके ना? ओके. पाहुणे काही परत आले नाहीत, ते जाऊ दे. फोन दुसऱ्यासाठी केला. तो तुमचा शंका विचारणारा मुलगा येऊन गेला. प्रात्यक्षिक परीक्षेच्या यादीतून नाव काढा म्हणतोय."

मी आत्याकडे बघितलं. ती काहीच खुणा करीना. म्हणून मी आपली खोकले.

"मी म्हटलं, अरे, मॅडमशी बोल. तर म्हणतो, नको, त्यांना त्रास नको. म्हणतो, ज्याचा हात लागला की मशीन बंद पडतं त्याने परीक्षा कशाला द्यायची, दुकानातच बरा आहे. यादी उद्या संध्याकाळी पाठवायचीये. तर काढतो नाव, ओके ना? ओ—"

आत्याने माझ्या हातातून फोन ओढला.

"काढू नका! सर, काढू नका नाव. उद्या येते मी."

मग संचालक म्हणाले, "मॅडम! आवाज एकदम सुटला की तुमचा!"

बाबा उठून बाहेरच्या खोलीत गेले. तिथून उशीत तोंड खुपसून हसल्याचा आवाज आला. आत्या हसली नाही. ती फोनकडे बघत होती आणि तिचे कान त्या दिवशी झाले असतील तसे लाल झाले होते.

आता प्रश्न शंकासुराचा. तो आलाच नाही तर आत्या जाऊन करणार काय? तिने त्याला निरोप लिहायला घेतला. लिहिला, पुसला. लिहिला, पुसला.

"फोन कर ना सरळ," बाबा म्हणाले. "दुसऱ्या गावातल्या राउटरशी गप्पा मारतेस, आणि बाजारातल्या दुकानात बसलेल्या पोराशी बोलायला तुला काय धाड भरलीये?"

"चुकले म्हणायचं नि मोकळं व्हायचं, वन्सं," आई म्हणाली. आई तिला 'वन्सं' फक्त चिडवताना म्हणते किंवा फार माया आली की. यातलं कुठलं होतं ते मला ओळखता आलं नाही.

"फोनवर नाही, वहिनी," आत्या म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलले मी त्याला. आता कानात चुकले म्हटलं तर ते चोरून म्हटल्यासारखं होईल. त्याला वर्गात आणायला हवं."

शेवटी तिने एवढंच लिहिलं: 'राउटर स्वतःला का ओळखत नाही ते कळलं. उद्या वर्गात सांगते.' पाठवून दिलं आणि फोन पालथा घातला.

"येणार नाही," मी म्हटलं.

"येईल."

"आत्या, मला कुणी असं उठवलं असतं तर मी त्या जिन्यावर पाय ठेवला नसता. एवढ्याशा निरोपावर? माफीचा शब्दसुद्धा नाही त्यात!"

"त्याला शंकेचं उत्तर माहीत नसलं की चैन पडत नाही. रागावला असेल. पण येईल."

"लाव पैज."

"काय?"

"नाही आला तर तुझे मोठे हेडफोन माझे."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "आणि आला तर, त्या दिवशीची माझी नक्कल तू माझ्यासमोर करायची. पूर्ण. दादाला करून दाखवलीस तशी."

"तुला कसं कळलं?" मी म्हटलं.

"भिंत पातळ आहे, पोपटा," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. पैज होती, तेव्हा पुरावा हवा. टायरच्या दुकानासमोर आत्या थांबली आणि पर्समध्ये चष्मा शोधायला लागली. चष्मा केसांत होता. मी सांगितलं नाही, कारण तिला थांबायचंच होतं.

वर्गात शिरताच बोलणं बंद. ताईने मला डोळ्यांनी विचारलं, काय गं? पुढच्या ओळीतली एक खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती. संचालक हातात यादी धरून दारापाशी येरझारा घालत होते. आत्याने तिन्ही राउटर मांडले. फळा पुसला. पुसलेला फळा परत पुसला. मी मनातल्या मनात हेडफोन कानांवर चढवले.

"मॅडम, सुरू करायचं ना?" संचालक म्हणाले. पुढचं 'ओके' ते विसरले.

"थोडं थांबू," आत्या म्हणाली.

थांबलो. खाली टायरमध्ये कुणीतरी हवा भरत होतं, ती थांबली, परत सुरू झाली. कुणाचा तरी फोन वाजला आणि त्याने तो घाईघाईने दाबला. मग जिन्यावर पावलं वाजली. शंकासुर दारात उभा. शर्टाच्या खिशात दुकानातला स्क्रूड्रायव्हर, बॅग नाही.

"बसत नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाईक थांबलंय. ऐकून जातो."

आत्या उभी राहिली. मला वाटलं ती आधी राउटरचं सांगेल, उत्तर सांगेल, आणि माफी त्यात कुठेतरी मिसळून टाकेल. मी तेच केलं असतं.

"त्या दिवशी बिघाड नव्हता," ती म्हणाली. "सगळं बरोबर चालू होतं. याने विचारलं तेही बरोबर होतं. मला उत्तर आठवलं नाही. पाहुणे होते, मी घाबरले. मग जे चालू होतं ते मीच मोडलं, आणि मोडल्यावर याच्यावर ढकललं. तुम्हाला हात मागे घ्यायला लावते आणि मी स्वतः…" इथे ती अडकली. खाली हवा भरणारं यंत्र धापा टाकत होतं. "खुडबुड म्हटलं मी तुला. चुकले. सगळ्यांसमोर चुकले, म्हणून सगळ्यांसमोर सांगतेय."

हा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. वाक्य खाली उतरत नव्हतं, वरच अडकून राहत होतं. घरी येऊन मी तो काढून बघितला. जमला नाही. अजून जमत नाही.

कुणी हसलं नाही. शंकासुर पायांकडे बघत होता. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्याने परत खिशात घातला. आत्याने मग राउटर दाखवला, टिंबं दाखवली, कारण सांगितलं, ती एक ओळ घातली. उद्गारचिन्हं आली. ती दारातूनही दिसत होती.

"बरं," शंकासुर म्हणाला आणि वळला. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. आत्याने फळ्याकडे तोंड केलं.

पावलं थांबली. परत वर आली.

"नाही, म्हणजे, मॅडम," दारातून आवाज आला, "फक्त एकच. हाक शाखेपर्यंत गेली हे कळलं. पण शाखेने ती परत याच्याकडेच का पाठवली? तिला कुणी सांगितलं?"

"बस," आत्या म्हणाली. "दाखवते."

तो बसला. पुढच्या खुर्चीवर नाही, दाराजवळच्या बाकड्यावर, एक पाय बाहेर ठेवून. संचालकांनी हळूच यादी पुढे केली, "नाव ठेवतो, ओके ना?" शंकासुराने पडद्यावरून नजर न काढता मान हलवली. आता त्या मानेचा अर्थ काय घ्यायचा तो घ्या, संचालकांनी नाव ठेवलं.

घरी आल्यावर आत्याने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. "चल," ती म्हणाली.

"आत्ता?"

"पैज म्हणजे पैज."

बाबा दारातच थांबले. आईने गॅस बंद केला. मी सुरुवात केली. संचालक केले, पाहुण्यांचे मागे बांधलेले हात केले, बाबा हसले आणि पटकन गप्प झाले. मग मी आत्या केली. लाल कान काही करता येत नाहीत, पण चष्मा काढून ठेवल्याची खूण केली, आणि बोटं केली, कीबोर्डवर धावणारी. आत्या हनुवटीखाली हात ठेवून बघत होती, परीक्षेला बसवलेल्या पोराकडे बघावं तशी.

"चष्मा मी काढला नव्हता," ती म्हणाली. "पुढे."

"तू काय केलंस?" मी तिच्या आवाजात म्हटलं. "सगळं चालू होतं. तू बसलास आणि गेलं. दुकानात करतोस तशी खुडबुड… ऊठ तिथून."

"इतकं हळू नव्हतं."

मी आवाज थोडा चढवला.

"याहून मोठ्याने," आत्या म्हणाली. "आणि 'ऊठ' दोनदा म्हटलं होतं मी."

मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. पैज मीच लावली होती आणि मीच हरले होते. मी आत्याकडे बोट केलं, आणि त्या दिवशी तिने म्हटलं होतं तेवढ्याच मोठ्याने दोनदा म्हटलं.